जॅक कुठे लावला

बॉल जॉइंट ही काय चीज आहे, हे मागच्या सीटवर बसून 'जरा लवकर घ्या' म्हणणाऱ्यांना कधी कळत नाही. पुढचं चाक जिच्या भरवशावर वळतं ती, आर्मच्या म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याच्या टोकाला खोबणीत बसलेली लोखंडी गोटी, लिंबाएवढी, वर रबरी टोपी. टोपी फाटली की ग्रीस जातं, माती शिरते, गोटी झिजते. झिजून झिजून एक दिवस निखळते आणि चाक आडवं होतं. मग ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग उरतं ते नुसतं धरायला.

बारक्याची सारी हयात या गोट्या बदलण्यात गेली. मिशा पांढऱ्या झाल्या तरी तो बारक्याच, कारण दादा थोरला. आई वारली तेव्हा हा नऊ वर्षांचा. नव्यानं लग्न होऊन आलेल्या वहिनीनं त्याला नाक पुसण्यापासून वाढवलं. पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज. भिंतीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची रेघ काढलेली. पाना जागेवर नसला की रेघच बोंब मारायची. हाताखालच्या मेकॅनिकांना त्याचं एकच सांगणं असे.

"स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली गाडी असेल तर जॅक आर्मखाली लावायचा. चॅसिसला, मधल्या लोखंडी चौकटीला, लावलास की स्प्रिंग गोटीला दाबून धरते, मेलेली गोटीही ठणठणीत वाटते. गाडी तोंडावर खोटं बोलते, गाढवा!"

सोबत एक टपली. शहरातले निम्मे मेकॅनिक ती टपली खाऊन शहाणे झालेले.

दादा टॅक्सी चालवायचा. गेल्या वर्षी एका सकाळी तो गॅरेजच्या तोंडाशी थांबला. मागे गिऱ्हाईक, इंजिन चालूच.

"बारक्या, वळताना टकटक करतेय बघ."

"संध्याकाळी आण, नीट बघतो."

"आत्ताच बघ रे. साहेबांची ट्रेन चुकेल."

साहेब घड्याळ बघत होते. बारक्यानं हाताला लागला तो जॅक ओढला, चॅसिसखाली सारला, चाक दोन हातांनी हलवलं. चाक गच्च.

"काही नाही दादा, पळव."

साहेबांना ट्रेन मिळाली. परत येताना पुलाच्या उतारावर दादाची गाडी कठड्यावर आदळली. दादा जागीच गेला. पोलीस चौकीतल्या कागदावर लिहिलं गेलं: चालकाला डुलकी लागली. लिहिणाऱ्याचं काय जातं! मेलेला ड्रायव्हर उलटून बोलत नाही. तीस वर्षांत गाडीला ओरखडा न काढलेल्या माणसाला एका ओळीत झोपाळू ठरवलं आणि फाइल कपाटात गेली.

गाडीचा सांगाडा बारक्याच्याच दारात आणून टाकला. तो चाकाशी वाकला आणि वाकलेलाच राहिला. निखळलेली गोटी, कोरडी, गंजून तांबडी, एका बाजूनं चपटी. त्यानं ती ग्रीसच्या रिकाम्या डबीत घातली आणि डबी फळीवर, अगदी मागे. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता वर्ष गेलं. वहिनीकडून रोज एक वाजता जेवणाचा डबा यायचा, आणि रोज तो त्या फळीकडे पाठ करून जेवायचा.

मग एक दिवस पुतणी आली. दादाची मुलगी, बापासारखीच ढांगा टाकणारी. बापाचाच धंदा करायचा म्हणून तिनं जुनी गाडी घेतली होती, अगदी दादाच्या टॅक्सीसारखीच. सोबत वहिनी.

"काका, परवा एका मेकॅनिकला दाखवली. म्हणाला, फर्स्ट क्लास आहे. आईला पटेना, म्हणून तुमच्या दारात."

"त्याचं तोंड बघून घेतलीस की गाडी बघून?"

"तुमच्या तोंडापेक्षा तरी बरं होतं!"

वहिनी स्टुलावर टेकली. "बारक्या, नीट बघ रे. आणि हिला बजावून सांग, रात्री झोप झाली नसेल तर गाडी काढायची नाही."

बारक्यानं मान वर केली नाही. जॅक आर्मखाली लावला, चाक उचललं, टायरखाली पहार घालून हळूच रेटलं. टक. तळहात गोटीवर ठेवून पुन्हा रेटलं. टक. नख शिरेल एवढी फट. दुसऱ्या बाजूलाही तेच.

त्यानं नट अडवणाऱ्या स्प्लिट पिन काढल्या, नट सोडवले, बाजूनं हातोड्याचे दोन ठोके देऊन जुना जॉइंट मोकळा केला, नवा बसवायला घेतला. पुतणी शेजारी उकिडवी बसून बघत होती.

"काका, त्यानं जॅक इथं नव्हता लावला. चॅसिसला लावला होता. चाक हलवलं आणि म्हणाला, काही नाही, पळव."

बारक्याचा पाना थांबला. गाढव हा शब्द ओठापर्यंत आला. आयुष्यभर फुकट वाटलेला तो शब्द आज बाहेर पडेना.

"चॅसिसला लावला की कळत नाही," तो म्हणाला. "मलाही कळलं नाही. दादाच्या गाडीला मीच तसा लावला होता. त्या सकाळी."

वहिनीला समजलं. बारक्यानं फळीवरची डबी काढून तिच्यापुढे धरली. तिनं गोटी हातात घेतली, चपटी बाजू अंगठ्यानं चाचपली.

"म्हणजे त्यांना डुलकी लागली नव्हती."

"नाही, वहिनी."

"आदल्या रात्री माझा दमा उसळला होता," वहिनी म्हणाली, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. "पहाटेपर्यंत माझी पाठ चोळत बसले होते. वर्षभर मला वाटतंय, मी झोपू दिलं नाही म्हणून गेले. तुझा डबा भरताना रोज मनात यायचं, या पोराचा भाऊ खाल्ला मी."

स्वतःचा गुन्हा बारक्याला पाठ होता. आपण गप्प राहिलो म्हणून वहिनी वर्षभर स्वतःला दोष देत राहिली, हा दुसरा गुन्हा त्याला ठाऊकच नव्हता.

"मारा मला, वहिनी."

"मारून काय होणार, भाऊजी?"

चाळीस वर्षांत तिनं त्याला कधी भाऊजी म्हटलं नव्हतं.

"पोरीचं चाक पुरं करा. आणि उद्या चौकीत यायचं. त्या कागदावर माझ्या माणसाला झोपवलंय. खरं काय ते तुमच्या तोंडानं सांगायचं."

त्यानं नट आवळला, नवी पिन घातली, तिची टोकं वाकवली, मग दुसऱ्या बाजूचाही जॉइंट बदलला. दोन्ही बाजू पुन्हा तपासल्या. पुन्हा एकदा तपासल्या.

दुसऱ्या दिवशी चौकीतला कारकून म्हणाला, केस बंद झाली, आता कागद उघडत नाही.

"नका उघडू," वहिनी म्हणाली. "कान उघडे आहेत ना? मग ऐका."

बारक्यानं डबी टेबलावर ठेवली आणि जॅकपासून सुरुवात केली. कुठे लावायचा असतो, आणि त्यानं कुठे लावला. कारकुनानं लिहून घेतलं नाही, पण मध्ये तोडलंही नाही. सांगून झालं तशी वहिनीनं गोटी उचलून पदरात बांधली आणि मागे न बघता निघून गेली.

एक वाजता बारक्यानं सवयीनं हात धुतले, गॅरेजच्या दाराशी येऊन उभा राहिला. दोन वाजले तरी उभाच होता. डबा आला नाही.