मांडवाबाहेरची छत्री

दोन हजार तेवीस साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं, आणि तोपर्यंत सबंध धुळे-जळगावात मला गप्प बसवणारा माणूस जन्मला नव्हता. आमच्या फादरांनी ते करून दाखवलं, तेही स्वतः जवळजवळ न बोलता. वसईकडचा म्हातारा, ताडासारखा उंच. दारातून येताना वाकायची इतकी सवय, की चर्चच्या अंगणात डोक्यावर नुसतं आभाळ असलं तरी वाकूनच चालायचे. धुळ्याला आले आणि वांग्याच्या भरिताच्या नादी लागले. मिरची सोसायची नाही, पण वाटी सोडायचे नाहीत. डोळ्यांतून धारा. एकदा ते तसेच बसले असताना आमच्या गल्लीतली एक बाई पाप सांगायला गेली. फादर आपल्यासाठी रडतायत असं वाटून तिने घाबरून आणखी दोन पापं सांगून टाकली. हे तीच सांगते, मी कशाला सांगू!

मला त्यांच्याकडे आमच्या हिने पाठवलं. म्हणाली, "माझ्याशी भांडून झालं असेल तर आता देवाशी बोला." फादरांची रीत न्यारी. बायबलातला एखादा प्रसंग वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "आबा, डोळे मिटा. आत शिरा. काय दिसतं ते मला सांगा." पहिल्या दिवशी वादळातली नाव दिली. मी साफ सांगितलं, "तापीकाठी जन्म गेला माझा. वादळात नदीत उतरायला मी येडा आहे का?" दुसरा कोणी चिडला असता. हे म्हणाले, "बरोबर. काठावर थांबा. वारा कुठून येतो?" त्यांना सगळं बारीक हवं असे. पाच हजार लोकांच्या जेवणात भाकरी ज्वारीची होती की बाजरीची, यावर आमची अख्खी सकाळ गेली, प्रार्थना राहूनच गेली.

मग त्यांनी काना गावचं लग्न काढलं, जिथं येशूने पाण्याचा द्राक्षारस केला ते. मी डोळे मिटले आणि मांडवाच्या बाहेर उभा राहिलो.

"आत का नाही गेलात?"

"कोणी टोपी-टॉवेल दिला नाही."

फादरांना आमची रीत ठाऊक नव्हती, ती समजावली. लग्नात भाऊबंदांचा टोपी-टॉवेल देऊन मान करतात. माझ्या धाकट्या भावाने सोनगीरला थोरल्या पोरीचं लग्न केलं, तेव्हा सगळ्यांना टोपी मिळाली, बँडवाल्यालासुद्धा. राहिलो मी, सख्खा थोरला! तेव्हापासून त्याच्या घराची पायरी चढलो नव्हतो. आता त्याच्या धाकटीचं लग्न निघालं होतं. पत्रिका घेऊन तो स्वतः आला, तर मी दारातच घेतली. पाणीसुद्धा विचारलं नाही.

मला वाटलं, आता फादर क्षमेवर प्रवचन देणार. त्यांनी विचारलं, "बाहेर ऊन कसं आहे?"

"लई."

ते उठले, कोपऱ्यातली काळी छत्री उघडली आणि खोलीतच माझ्या डोक्यावर धरून उभे राहिले. पुढेही जेव्हा जेव्हा बसलो, मी बाहेरच, आणि वर छत्री. स्वयंपाकवाल्या अक्का चहा घेऊन आल्या नि थबकल्या. "फादर, छत गळतं का?"

"नाही अक्का, लग्न लांबलंय."

पुतणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी गेलो ते ठरवूनच, की उद्या सोनगीरला जायचं नाही. फादर म्हणाले, "आबा, उभं राहून माझे पाय दुखले. शेवटचं विचारतो. या लग्नात येशू कुठे आहे?"

खरं सांगतो, इतके दिवस मी टोप्याच मोजत होतो, त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. डोळे मिटून शोधलं. मांडवात नव्हता. मागच्या अंगाला पाणी भरणाऱ्यांत उभा होता, रांजणांजवळ.

"डोक्यावर टोपी?" फादरांनी हळूच विचारलं.

मी पुष्कळ वेळ बघितलं. "नाही," म्हटलं. फादर हसले नाहीत. छत्री मिटली आणि कोपऱ्यात ठेवली.

पुढे पावसाळ्यात त्यांची बदली झाली. छत्री घेऊन गेले, भरिताची वाटी राहिली, ती आमच्याकडेच आहे. आता ते कुठल्या हट्टी म्हाताऱ्याजवळ उन्हात उभे असतील, तो वरचाच जाणे. हल्ली डोळे मिटले की बाजूला कोणी नसतं, तेव्हा मी आपला मनातच वारा कुठून येतो ते सांगून टाकतो.

पण छत्री मिटली त्याच्या दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या सकाळी, मी पहिली एसटी धरून सोनगीरला गेलो. मांडवाच्या पुढच्या दाराने नाही, मागून, आचाऱ्यांकडून. बादली उचलली आणि पंगतीसाठी पाण्याचे जग भरायला लागलो. सगळे वळून बघायला लागले. भाऊ धावत आला, हातात टोपी-टॉवेल. "आबा, तू आठे काय करी ऱ्हायना? बठ्ठा लोक दखी ऱ्हायनात!"

ओल्या हातांतली बादली मी सोडली नाही. मान तेवढी त्याच्यापुढे वाकवली. म्हटलं, "मना हात वल्ला शेतस. तूच घाल."