हिरूआत्याच्या हाताने घातलेल्या लेन्स

हिरूआत्याचं आणि माझं शेवटचं बोलणं माझ्या लेकीच्या लेन्सवरून झालं. आमच्या गावी, मुरब्याला, शेजाऱ्यांकडे लग्नाची हळद होती म्हणून ती दोन दिवस तिकडे गेली होती. संध्याकाळी तिचा फोन आला. मागे बँजो वाजत होता, त्यामुळे ती ओरडूनच बोलत होती. "पोरीने लेन्स घातली काय?" मी म्हटलं, "नाही घालू देत. आत्याआजीच पाहिजे म्हणते." हे ऐकून ती खूश झाली, ते मला फोनवरही कळलं. "ऱ्हाऊ दे मग. एका रात्रीने काय बिघडत नाय. मी उद्या येते, सांग तिला." दुसऱ्या दिवशी बोईसरच्या कारखान्यात, आमच्या लॅबमध्ये मी नमुने तपासत होते, तेव्हा भावाचा फोन आला. सकाळी ओट्यावर चहा घेत बसली होती, ती बसल्या जागी कलली... इतकंच. त्याला आता महिना उलटून गेला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली आणि मासळीची पाटी डोक्यावर घेऊन पालघरला जाऊ लागली. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि त्यात तिचा वाटा मोठा आहे. मला फळ्यावरचं दिसत नाही, हे घरात सगळ्यांत आधी तिने ओळखलं. मी सुपातला जवळा नाकाशी धरून निवडत होते. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "वास घेतेस की निवडतेस गं?" आजी म्हणाली, चष्मा लागला तर पोरीचं लग्न कसं जमणार. आत्याने सांगितलं, "लग्नाचं मागनं बघू. आधी तिला फळा तर दिसू दे." दुसऱ्याच दिवशी ती पाटीसोबत मलाही घेऊन गेली. चष्मा तयार होऊन आला त्या दिवशी पालघरच्या स्टँडवर मी एस.टी.ची पाटी लांबून वाचली, तर ही शेजारच्या अनोळखी बाईला सांगते, "आता आमची गाडी चुकायची नाय."

पुढे मी बी.एस्सी. झाले, नोकरी लागली, लग्नही जमलं. सरावलीला घर घेतलं आणि तन्वीच्या जन्मानंतर आत्या आमच्याकडेच राहायला आली. तन्वीने माझे डोळे घेतले. दुसरीतच चष्मा लागला आणि दर तपासणीला नंबर वाढलेलाच. तेव्हा डॉक्टरांनी या लेन्स सुचवल्या. झोपताना घालायच्या, सकाळी काढायच्या. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला त्या रात्रभरात जरासा सपाट आकार देतात, मग दिवसभर चष्म्याशिवाय दिसतं आणि वाढत्या वयात नंबर वाढायचा वेगही कमी होऊ शकतो. मात्र घालणं थांबवलं की काही दिवसांत डोळा पुन्हा पहिल्यासारखा होतो. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे रोजचं काम हाय. भाकरीसारखं." डॉक्टर हसले.

लेन्स घालायला तन्वी माझ्यापुढे बसली की डोळे गच्च मिटायची. मी दिवसभर कामाने थकलेली, घाईत असायची, पोरीला ते कळायचं. आत्याला घाई नसायची. पहिल्या दिवशी मोठ्या ऐटीत म्हणाली, "माशाच्या पोटातली गाबोळी न फोडता काढणारे हात हायत माझे," आणि लेन्स तन्वीच्या फ्रॉकवर पाडली. दोघी इतक्या हसल्या की त्या रात्री लेन्सचा नाद सोडावा लागला. पण तिला ते जमलं. साबणाने हात धुवायचे, धुतलेल्या रुमालाला पुसायचे, लेन्स औषधाच्या पाण्याने भरायची, पोरीने मान खाली घालायची... नळाचं पाणी लेन्सला लागू द्यायचं नाही, ही सूचना तर ती माझ्या नवऱ्यालाही रोज द्यायची. तो लेन्सच्या वाटेलाही जात नसे.

तरी एकदा चूक झालीच. कोळंबी सोलून बोटं कातरतात म्हणून आमच्याकडे बायका हात धुतल्यावर खोबरेल चोळतात. आत्याने आयुष्यभर तेच केलेलं. त्या संध्याकाळी कोळंबी सोलली, साबणाने हात धुतले, आणि सवयीने तेलाचं बोट फिरवून मग लेन्स घातली. सकाळी तन्वीचा डोळा लाल, पाणी थांबेना. लेन्सवर तेलाचा ढग दिसत होता. डॉक्टरांनी औषध दिलं, काही दिवस लेन्स बंद ठेवल्या. डोळा बरा झाला. पण आत्याने लेन्सची डबी माझ्या हातात दिली. "आता तूच घाल," मला म्हणाली, "माझ्या हातांना मासळी लागलेली हाय, ती काय जायची नाय." तन्वी तिच्यासमोर आरसा घेऊन बसली आणि उठायलाच तयार होईना. "तेल नको लावूस ना मग," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून आत्याने तेल तन्वी शाळेला गेल्यानंतरच लावलं. थंडीत तिची बोटं फुटायची. दुपारचं तेल रात्रीपर्यंत पुरायचं नाही. मी काही बोलले तर म्हणायची, "दुखायला काय, दुखतंच काहीतरी."

ती गेल्यावर तन्वीने लेन्सची डबी उघडू दिली नाही. मी समजावलं, रागावलेही. जुना चष्मा घालून ती शाळेत जायची, तो आता नीट पुरत नव्हता. बाईंनी तिला पहिल्या बाकावर आणलं. एका संध्याकाळी अभ्यास करता करता तिने विचारलं, "आई, डॉक्टर म्हणाले होते ना, डोळा परत आधीसारखा होतो?" मी हो म्हटलं. "म्हणजे आत्याआजीने रोज रोज केलं ते सगळं जाणार?" मला खोटं बोलवेना. "घातल्या नाहीत तर जाणार," मी म्हटलं. ती बराच वेळ वहीत रेघा मारत बसली. मग उठून हात धुवायला गेली.

डॉक्टरांना विचारून, डोळे तपासून घेऊन, आम्ही पुन्हा सुरुवात केली. मी पुढे झाले तर म्हणाली, "तू फक्त आरसा धर." पहिली लेन्स दोनदा निसटली. ती चिडली नाही. तिसऱ्यांदा बसली.

सकाळी उठून बघते तर पोरगी बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या आत्याच्या पलंगावर मांडी घालून लेन्स काढत होती. महिनाभर त्या पलंगावर आम्ही कुणी बसलो नव्हतो. तो पलंग आत्याने हट्टाने तिथे लावून घेतला होता. मला वाटायचं, जाणारी-येणारी माणसं बघायला तिला बरं पडतं.

"इथे का बसलीस?" मी विचारलं.

"इथे सकाळी उजेड नीट येतो," तन्वी म्हणाली. "माझे डोळे बघायला तिला इथेच बरं पडायचं."

मी खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला केला आणि तिच्याजवळ बसले. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर काय वाळत घातलंय, ते तिला अजून नीट दिसत नव्हतं. "दिसेल दोन-चार दिवसांत," तीच मला म्हणाली.