पुलावरून उत्तर न ऐकता गेलेली स्क्रिप्ट

मंडळी, आज जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं.

मी अजून तो जुना, नुसत्या अक्षरांचा ऑनलाइन गेम खेळतो. चित्रं नाहीत. ‘उत्तर’, ‘पूर्व’ असं टाइप केलं की आपलं पात्र चालतं. गावातून खाणीपर्यंत चाळीस पावलं. रोज कोण टाइप करत बसणार? म्हणून मी स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे सगळ्या आज्ञांची तयार यादी. एक बटण दाबलं की पात्र आपोआप खाणीत.

वाटेतल्या पुलावर मंदार भेटतो. राहतो शिवडीला, पण दोन वर्षांची ओळख फक्त गेममधलीच. स्क्रिप्ट आल्यापासून मी न बोलता पुढे जायचो, तर एकदा म्हणाला, “काय रे, भाव खातोस?” मग महिन्याभरापूर्वी मी स्क्रिप्टमध्येच एक ओळ घातली. पुलावर आलं की ‘काय मंदार, बरा ना?’ विचारायचं, पाच सेकंद थांबायचं आणि पुढे चालायचं.

आज सकाळी बटण दाबून चहा आणायला उठलो. परत येऊन स्क्रीनवर बघतो तर त्याचं उत्तर होतं, “नाही रे. काल आई गेली.”

त्याखाली लगेच गेमची ओळ: ‘तुम्ही पूर्वेकडे गेलात.’

गेममध्ये परत पुलावर जाऊन त्याच्याकडून पत्ता घेतला आणि दुपारी लालबागहून शिवडीला गेलो. तिघांना विचारत घर सापडलं. दारातच म्हटलं, “मंदार, सकाळी विचारलं ते मी नव्हतो रे.”

“माहितीये,” तो म्हणाला. “महिनाभर तू नव्हतासच. ये, बस.”

आता स्क्रिप्ट पुलापर्यंतच ठेवली आहे. तुम्ही कधी कुणाला ‘बरा ना?’ विचारून उत्तराआधीच निघून गेलायत का?