तारीखमामांची राहून गेलेली दुरुस्ती

बुलढाण्याच्या स्टँडवर सकाळी सातच्या सुमारास दोन गोष्टी कळत. कोणती गाडी आज येणार नाही, आणि आजच्या तारखेला गाण्याच्या दुनियेत काय घडलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच आवाजात, एकाच दमात. "मेहकर गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. आजच्या दिवशी विलायतेतल्या चार गाणाऱ्या पोरांनी कचेरीच्या गच्चीवर चढून गाणी म्हटली. खाली रहदारी तुंबली, पोलीस आले. प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं." नवखा माणूस मान वर करून भोंग्याकडे बघत राही. आम्हा रोजच्यांना त्याचं काही वाटत नसे. चहा घेतल्याशिवाय जसं सकाळ झाल्यासारखं वाटत नाही, तसं त्या तारखेचं झालं होतं.

हा आवाज स्टँडच्या कंट्रोलरांचा. त्यांचं नाव खिडकीवरच्या पाटीवर होतं, पण अप-डाऊन करणारे सगळे त्यांना तारीखमामाच म्हणत. मी रोहिणखेडच्या शाळेत शिक्षिका. नऊ वर्षं सात-पंचवीसच्या गाडीने घाट उतरून जात होते, आणि गाडी लागेपर्यंत मामांच्या खिडकीपाशी उभी राहत होते. माइकवर मामा अगदी पुस्तकी बोलायचे. बटण बंद केलं की साखरखेर्ड्याचे व्हायचे. गच्चीवरच्या गाण्याची बातमी सांगून झाल्यावर मला म्हणाले होते, "आपल्या इथं स्टँडच्या गच्चीवर कोणी चढलं ना मॅडम, तर त्याले सोडून मलेच मेमो भेटीन."

त्यांच्याजवळ एक जाड वही होती. वर्षाच्या प्रत्येक तारखेला एक पान. एकोणतीस फेब्रुवारीलासुद्धा स्वतंत्र पान होतं आणि त्यावर एक नोंदही होती. मी हसले तर म्हणाले, "चार वर्षांतून एकदा बिचाऱ्याचा नंबर लागते. तवाही त्याले रिकामं बसवायचं काय?" मोठमोठ्या गायकांचे जन्मदिवस, पहिली ध्वनिमुद्रिका, रेडिओवर फर्माईश सुरू झाली तो दिवस, हे सगळं त्यात होतंच. पण त्याच पानांवर, त्याच शाईने, आपल्या जिल्ह्यातलंही लिहिलेलं असे. गावात कॅसेटचं पहिलं दुकान उघडलं तो दिवस. एका बँडने वरातीत पहिल्यांदा कीबोर्ड वाजवला आणि बॅटरी उतरल्यामुळे नवरदेवाला अर्धी वाट मुक्यानेच जावं लागलं, तो दिवस. मामांच्या लेखी विलायतेतली गच्ची आणि ही वरात यांत डावं-उजवं नव्हतं.

नियम मात्र कडक. बाहेरची गोष्ट दोन ठिकाणी छापलेली दिसली पाहिजे, आणि इथली गोष्ट असेल तर ती कानाने ऐकलेला माणूस पाहिजे. "ऐकलं कोणी?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मी एकदा मोठ्या तोऱ्यात एका गायिकेची तारीख मोबाइलवर दाखवली, तर म्हणाले, "मोबाइल होता काय तिथं बसलेला?" त्या बॅटरीच्या वरातीबद्दल दोन वाजवणाऱ्यांनी दोन तारखा सांगितल्या, तेव्हा मामांनी ती नोंद अकरा महिने अडवून ठेवली. शेवटी खुद्द नवरदेवाला गाठलं. "त्याची तारीख चुकू शकत नाई. तो इसरला तरी बायको इसरू देईन काय?" माइकवर सांगताना ते साक्षीदाराचं नाव आवर्जून घेत. ज्याने ऐकलं त्याचा तेवढा मान.

आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी, तेवढ्याच खणखणीत आवाजात, "दुरुस्ती ऐका. काल सांगितलेली तारीख चुकली. चूक माझी आहे. मोताळा गाडी फलाट एकवर." कोणाच्या सांगण्यावरून आधी चुकलं आणि आता कोणाच्या सांगण्यावरून बदललं, तेही सांगत. मी म्हटलं, एवढं कशाला मामा, कोणाच्या लक्षात राहतंय? ते म्हणाले, "गाडी उशिरा आली तर माणूस शिव्या देऊन मोकळा होते. पण खोटी गाडी पुकारली तर तो उद्या खऱ्या गाडीलेही उठत नाई."

अशा या माणसाच्या वहीत जानेवारीतली एक नोंद पेन्सिलीने लिहिलेली होती. ती मला त्यांनी ओळख झाल्यावर आठएक वर्षांनी दाखवली. त्यांची मोठी बहीण गयाताई. गायन पार्टीत भीमगीतं म्हणायची. अकोल्याला एका खोलीत, भिंतींना गाद्या बांधून, त्यांच्या पार्टीची कॅसेट भरली गेली. त्यातलं एक गाणं अजून जयंतीला जिल्ह्यात वाजतं. पहिल्या चार ओळी एक बाई एकटीच उचलते आणि मग मागून सगळे येतात. तो आवाज मीही लहानपणापासून ऐकला होता. कॅसेटवर मुख्य गायकाचं नाव होतं आणि त्याच्यापुढे 'आणि सहकारी'. गयाताई त्या सहकाऱ्यांत गेली.

"तारीख विचारली नाई मी तिले कधी," मामा म्हणाले. "तवा मी कंडक्टर होतो, दूरच्या डेपोत. तिचं कार्ड आलं, काल गाणं भरलं म्हणून. दुनियेच्या तारखा विचारत फिरलो, आन् घरातली विचारायची राहून गेली. मंग ती गेलीच." ते कार्ड त्यांनी वहीत जपून ठेवलं होतं. टपालाच्या शिक्क्यात महिना स्पष्ट होता, पण तारखेतला दुसरा आकडा फुटलेला. वीस असेल किंवा अठ्ठावीस. म्हणजे गाणं भरलं ते एकोणीसला किंवा सत्तावीसला. कोरसमधल्या बायकांपैकी एकच हयात होत्या, पार्वताबाई. राहायला रोहिणखेडलाच, माझ्या शाळेच्या मागच्या वस्तीत.

"तुम्ही तर रोजच जाता. एवढं विचारून या ना मॅडम. मी गेलो तर भाऊ म्हणून माझ्या तोंडाकडे पाहून हाव म्हणतीन त्या. तुम्ही परक्या आहात, तुमाले खरं सांगतीन." मी लगेच हो म्हटलं. तो श्रावण होता.

शाळेपासून ती वस्ती पाच मिनिटांवर. पण परतीची गाडी चुकेल, पेपर तपासायचे आहेत, आज ऊन फार आहे, असं करत करत दिवाळी गेली. मामा महिन्यातून एकदा विचारायचे, मी 'या आठवड्यात नक्की' म्हणायचे. आज लिहिताना लपवण्यात अर्थ नाही. गाडीचं कारण मी स्वतःलाही देत होते. खरं म्हणजे माझ्या वर्गातली निम्मी मुलं त्या वस्तीतून येत, आणि नऊ वर्षांत मी त्या बाजूला एकदाही वळले नव्हते. जायचं नाही असं कधी ठरवलं नव्हतं. जायचं असतं हेच सुचलं नव्हतं. मामांच्या टेबलावरचा चहा मी रोज प्यायचे आणि स्वतःला मोठी सुधारलेली समजायचे.

मामा त्या जानेवारीच्या अखेरीला निवृत्त होणार होते. अठरा तारखेच्या सकाळी खिडकीतून त्यांनी मला हाक मारली. "मॅडम, उद्या एकोणीस हाय. पुढच्या साली हा माइक माझ्या हाती नसणार. विचारलं काय?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. सत्तावीसला अजून अवकाश होता, त्याच दिवशी विचारता आलं असतं. पण मला सहा महिन्यांची लाज वाटली. वाटलं, दोनातली एक तारीख तर आहे, आणि उद्याची संधी गेली तर हा माणूस काय म्हणेल. मी म्हटलं, "विचारलं मामा. एकोणीसच म्हणाल्या."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. पुन्हा विचारलं नाही. ज्या माणसाने नवरदेव गाठेपर्यंत अकरा महिने दम धरला, त्याने माझा शब्द जसाच्या तसा उचलला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा पांढरा शर्ट घातला होता. सगळ्या गाड्या पुकारून झाल्यावर म्हणाले, "आजच्या दिवशी आपल्या साखरखेर्ड्याच्या गयाबाईंनी अकोल्याला गाणं भरलं. ज्या गाण्याच्या पहिल्या चार ओळी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत, तो आवाज गयाबाईंचा. ऐकणाऱ्या, रोहिणखेडच्या पार्वताबाई. विचारून खात्री करणाऱ्या, रोहिणखेड शाळेच्या मॅडम." स्टँडवर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. झाडू मारणारी बाई खिडकीशी येऊन म्हणाली, "अगं माय, ते गाणं तुमच्या बहिणीचं होय?" मामा नुसते मान हलवत होते. मी गाडीत जाऊन बसले.

सव्वीसला झेंडावंदनाला गावातली म्हातारी माणसं शाळेत येतात. त्यांत पार्वताबाईही होत्या. एका मुलीने 'ही माझी आजी' म्हणून ओळख करून दिली, तेव्हा मला पळता भुई थोडी झाली. पण विचारलं.

"गयाबाईचं गाणं?" त्या हसल्या. "असाच झेंडा झाला होता ना बाई. झेंडा झाल्यावर आम्ही गाडीत बसलो, रातीले अकोल्यात निजलो, आन् दुसऱ्या दिवशी भरलं. लाईट गेली तं आम्ही दुपारलोक गाद्यांच्या खोलीत घाम पुसत बसलो होतो. उद्याच तं दिवस हाय तो. काऊन, कोणी इचारलं?"

सत्तावीसच्या सकाळी मी खिडकीपाशी उभी होते. माइक त्यांच्या हातात होता, नोकरीचे चार दिवस बाकी होते, आणि ज्याला दुरुस्ती सांगायला कधी लाज वाटली नाही असा माणूस दोन हातांवर बसला होता. मी तोंड उघडलं असतं तर ते रागावले नसते, हे मला तेव्हाही माहीत होतं. उलट उठून उभे राहिले असते. बहिणीची खरी तारीख त्यांना हवी होती, माझ्या अब्रूशी त्यांना काय करायचं होतं? पण मला होतं. "आज गप गप दिसता मॅडम," ते म्हणाले. मी म्हटलं, "सर्दी आहे."

मामा निवृत्त होऊन साखरखेर्ड्याला गेले. पुढच्या वर्षी स्टँडवरच्या लोकांनी ठरवलं की एकोणीस जानेवारीला मामांना बोलावून ती तारीख त्यांच्याच तोंडून पुकारायची. फोन करायचं काम माझ्याकडे आलं. मामा म्हणाले, "गुडघे दुखतात मॅडम, जमत नाई." मग त्यांनी विचारलं, "आणखी काई सांगायचं होतं काय?" मी म्हटलं, "नाही मामा. तब्येत सांभाळा." गुडघ्यांचं मला खरं वाटलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षीही ते आले नाहीत, आणि मग कोणी बोलावलंही नाही.

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. पुण्यानुमोदनाला मी साखरखेर्ड्याला गेले होते. मामींनी मला आत बोलावलं आणि वही पुढे ठेवली. "तुमचं नाव लय घ्यायचे. तुमीच पाहा आता हे." मी एकोणीस जानेवारीचं पान काढलं. तिथली गयाताईची नोंद खोडून टाकलेली होती. मग सत्तावीसचं काढलं. तिथे शाईने लिहिलं होतं.

"गयाताईनं गाणं भरलं. ऐकणाऱ्या पार्वताबाई, रोहिणखेड. निवृत्तीनंतर आभार मानायला गेलो तेव्हा त्यांनीच सांगितलं. एकोणीसची दुरुस्ती माइकवर सांगणं बाकी. पण दुरुस्ती म्हटलं की आधी कोणाच्या सांगण्यावरून चुकलं तेही सांगावं लागते. मॅडमले रोज त्याच स्टँडवर उभं राहावं लागते. राहू द्या."

पार्वताबाईंना ते भेटले, म्हणजे सव्वीसला मला काय कळलं होतं तेही त्यांना कळलंच असणार. सत्तावीसची माझी सर्दीही. तरी फोनवर त्यांनी मला एक वाट मोकळी करून दिली होती, आणि मी त्यांना तब्येत सांभाळायला सांगितलं. खोटी तारीख त्यांना पुन्हा पुकारता येईना आणि खरी माझ्यापायी पुकारवेना. बहिणीचं नाव भोंग्यावर घ्यायचंच त्यांनी सोडून दिलं. मी ती वही मांडीवर घेऊन बसून राहिले, आणि मामी समजल्या की मी मामांसाठी रडते आहे.

आता स्टँडवर गाड्या पुकारायला ध्वनिमुद्रित आवाज आहे. माइक आहे, पण एखाद्याचं मूल हरवलं तरच सुरू करतात. यंदाच्या सत्तावीस जानेवारीला मी खिडकीशी गेले. नव्या कंट्रोलरने विचारलं, "काय हरवलं मॅडम?" मी म्हटलं, एक दुरुस्ती सांगायची आहे. तो मामांच्या हाताखाली तयार झालेला, त्याने काही न विचारता माइक सरकवला.

"दुरुस्ती ऐका," मी म्हटलं. माझा आवाज भोंग्यातून मलाच अनोळखी वाटला. "साखरखेर्ड्याच्या गयाबाईंनी गाणं भरलं ते आजच्या दिवशी, सत्तावीस जानेवारीला. ऐकणाऱ्या, रोहिणखेडच्या पार्वताबाई. एकोणीस ही तारीख रोहिणखेड शाळेच्या मॅडमनी, म्हणजे मी, कोणालाही न विचारता सांगितली होती. चूक माझी आहे."

बटण बंद करून मी बाहेर आले. काही जण माझ्याकडे बघत होते. सात-पंचवीसची गाडी लागायची होती. मी त्यांच्यातच उभी राहिले.