एक्स-रेवाल्या चाचांचा प्रश्न

"पोरी, दिवस हाईत काय?"

शिवाजी पेठेतल्या आमच्या एक्स-रे दवाखान्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक लेकीसुनेला चाचा हा प्रश्न विचारत, तोही तालमीत आरोळी ठोकावी तशा आवाजात. बाकावरचे पुरुष छताकडे बघत. बायका लाजत, काही भडकत. मी तिथला कारकून. "चाचा, जरा हळू," म्हटलं की उत्तर तयार, "पोटातल्या जिवाला किरणं लागली तर तू निस्तारणार व्हय?" डॉक्टरांनी हा नियम एकदाच सांगितला होता, चाचांनी तो रोज अख्ख्या पेठेला ऐकवला. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आमचे चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली.

गिऱ्हाइकंही थोर. छातीचा फोटो काढायचा म्हणून एक पैलवान नवा फेटा बांधून, मिशांना पीळ देऊन आला. चाचा म्हणाले, "पावणं, ह्यात फकस्त बरगड्या दिसत्यात. मिशा घरात ठेवून आला असता तरी चाललं असतं."

एकदा आजऱ्याहून सासू-सून आल्या. सहा वर्षांच्या नातीचा हात मोडलेला. पोर यंत्राला भिऊन किंचाळत होती, आईला सोडेना. कुणीतरी धरायलाच हवं होतं. चाचांनी सुनेला प्रश्न टाकला.

"न्हाय वो!" सासूच बोलली. "असतं तर मला कळलं नसतं व्हय?"

सून यंत्रापासून दोन पावलं मागे सरली.

चाचांनी तिच्याकडे पाहिलं आणि सासूकडे वळले. "आजी, पोर धरायला ताकद लागती. आजकालच्या सुनांचं काम न्हाय ते."

म्हातारी अशी फुलली म्हणता! शिशाचा जडशीळ एप्रन चढवून ती लढाईला निघाल्यासारखी आत गेली. आजीचा तो अवतार बघून पोर रडायचंच विसरली.

सून माझ्या टेबलापाशी बसून कुजबुजली. "दोनदा पोटातच गेलं वो. ह्या बारीला तीन म्हैनं सरल्याबिगार घरात सांगायचं न्हाय, असं ठरीवलंय. चाचा बोलतील काय?"

चाचांच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. पण त्या दिवशी ते गप्प राहिले. नंतर मी खोदून विचारलं तर म्हणाले, "कोण सून?"

पुढच्या वर्षी ती बाळ घेऊन एकटीच आली. चाचांनी तिला ओळखलं नाही.

"ह्येचं काय मोडलंय?"

"काय न्हाय, चाचा. सगळं धड हाय."

तेव्हा कुठे चाचांना ओळख पटली. मग त्यांनी बाळ मांडीवर घेतलं आणि त्याची बोटं मोजली. हातांची मोजून झाल्यावर पायांचीसुद्धा.