पेजेतली पूड

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. परवा सुनेने काढा उकळला आणि त्या कडू वासाने जेसल पार्कमधल्या आमच्या जुन्या घराचं स्वयंपाकघर आठवलं. बायकोचा कॅन्सर उलटला होता आणि नव्या औषधाच्या चाचणीत तिला घेतलं होतं. दुसरं कुठलंही औषध द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावूनही मी घोडबंदरच्या वैद्याची पूड तिच्या पेजेत गुपचूप मिसळायचो. "अहो, कडू लागतेय." "तोंडच कडू आहे तुझं," मी म्हणायचो. ती हसून पेज संपवायची. मग तपासणीत यकृत बिघडलेलं निघालं. "दुसरं काही दिलंत?" डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हणालो. तिला चाचणीतून काढलं. "माझ्याच अंगाला सोसलं नाही," ती माझा हात थोपटत म्हणाली. तुझ्या अंगाचा दोष नव्हता गं, मला माफ कर, एवढं तिच्या हयातीत तोंडातून निघालं नाही.