कावीळ म्हणून सांगितलेलं मरण

माझ्या मामाने आम्हां तिघी बहिणींना फसवलं. आमची आई कशाने गेली ते त्याला पक्कं माहीत होतं आणि आम्हाला त्याने दुसरंच सांगितलं. धाकटी बहीण त्याच्यामुळेच गेली असं मी म्हणणार नाही, कारण तसं म्हणू नका असं डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं आहे. पण धाकटीचं एक वर्ष फुकट गेलं. ते गेलं नसतं तर काय झालं असतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

आम्ही घोटीकडच्या. मी लग्न होऊन नाशिकला आले आणि द्राक्षाच्या बागांत रोजाने विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, जाऊ लागले. वाकून काम करण्यापेक्षा भांडून मजुरी ठरवणं मला जास्त जमतं, हे पहिल्या दोन हंगामांतच कळलं. नव्वदच्या सुमाराला माझ्या स्वतःच्या टोळ्या होत्या. द्राक्षं निवडून पेट्यांत भरणाऱ्या पिंपळगावच्या पॅकहाउसना बायका पुरवायच्या, टेम्पो ठरवायचा, मालकाने दुपारची सुट्टी कापली तर टोळी उठवून बाहेर आणायची. मला कुणी बोलण्यात गुंडाळेल असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

त्याच दिवसांत धाकटीच्या छातीत गाठ आली. तिची थोरली मुलगी सात वर्षांची होती आणि धाकटा मुलगा अंगावर पीत होता. तिच्या सासूने कोबीची पानं बांधून पाहिली. मग मीच तिला नाशिकला डॉक्टरांकडे नेलं. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "आई, मावशी, आजी, कुणाला छातीचा आजार होता का?"

धाकटी माझ्याकडे बघायला लागली. कुठेही बोलायचं असलं की ती माझ्याकडेच बघायची.

"छे," मी म्हणाले. "आई काविळीने गेली आमची. आम्ही शेतात राबणारी माणसं, डॉक्टर. असले आजार बंगल्यातल्या बायकांना होतात."

डॉक्टर हसले. वय कमी, बाळ पितंय, घरात कुणाला नाही. बहुतेक दुधाची गाठ असेल, दूध तोडलं की परत दाखवा, म्हणाले. आमच्याकडे दूध तोडायची घाई कोण करतं? वर्ष गेलं. दुसऱ्या वेळी दाखवायला नेली तेव्हा काखेतही गाठी होत्या. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, आणि पुढच्या वर्षी धाकटी गेली. मुलगा तिच्या सासरी राहिला. मुलीला मी माझ्याकडे आणलं.

हा नव्या जमान्याचा रोग आहे असं तेव्हा सगळे म्हणत, मीही म्हणायचे. बागेतल्या फवारण्यांवर माझा राग होता. औषध मारलेल्या दिवशी माझ्या बायका बागेत शिरणार नाहीत, हे मी चार मालकांशी कडाकडा भांडून कबूल करून घेतलं. त्याचा पश्चात्ताप मला नाही. आजही तसंच भांडेन.

दहा-बारा वर्षं गेली. टोळीतल्या एकीचा स्तन काढावा लागला. वर्षभरात दुसरीलाही तोच रोग निघाला. हंगाम भरात होता, पॅकहाउसमध्ये कात्रीने घडातले खराब मणी काढता काढता बायकांचा विषय तोच.

"घरोघरी झालंय गं आता. आधी कुठं होतं?"

"फवारण्यांचं हाय सगळं. विष खातोय आपण."

"मंग तू सकाळपासनं मूठभर मणी गिळलेस, तुला कसं काय होईना?"

"मोबाइलचे टॉवर लय झालेत."

"टॉवर नाय नि काय नाय. आताच्या पोरी एका लेकरावर थांबत्यात. ते बी बाटलीवर."

पेठकडची एक म्हातारी टोळीत होती. हाताने हळू, पण तिच्या हातून खराब मणी सुटत नसे. ती मान वर न करता म्हणाली, "आधी नव्हतं कोण म्हणतं? माझ्या नणंदेला झालतं. मागच्या पडवीत ठेवली तिला. पदर दोन्ही खांद्यांवरनं. वास येऊ नये म्हणून लिंबाचा पाला जाळायचे. हात इतका सुजला का बांगड्या फोडाव्या लागल्या. नवरा समोर उभा, अन् बांगड्या फोडल्या. लोकांना सांगितलं, कावीळ झाली."

"कावीळ का?"

"मंग काय सांगणार? पोरी होत्या ना घरात."

मी उठून बाहेर टेम्पोपाशी गेले. मी नऊ वर्षांची असताना आमच्या आईच्या उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्या मामानेच फोडल्या होत्या. बाप दारात उभा होता आणि आजी त्याच्याकडे बघून रडत होती. जिवंत नवऱ्यादेखत बांगड्या फुटल्या, हा अपशकुन म्हणून आजी रडते, एवढंच मला समजलं होतं. हात का सुजला, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आईच्या खोलीतला कडुलिंबाचा धूर डासांसाठी होता, असं मला पंचेचाळिशीपर्यंत वाटत होतं.

दुसऱ्याच दिवशी मी घोटीला गेले. मामाची भातगिरणी आहे. पोत्यांवर बसून तो चहा पीत होता.

"मामा, आईला काय झालं होतं?"

"कावीळ. किती वेळा सांगायचं?"

"हात का सुजला होता?"

"काविळीत अंग सुजतं."

"एकच हात?"

त्याने बशी खाली ठेवली. "पिवळी पडली का नव्हती शेवटी? तूच सांग. पडली होती ना? मग मी खोटं काय बोललो?"

माल दाखवताना वरचा थर चांगला लावायचा, ही मामाची जुनी सवय. शेवटचे पंधरा दिवस आई पिवळी पडली, हे खरंच होतं. रोग यकृतापर्यंत गेला की तसं होतं, हे मला पुढे कळलं.

"थानाचा रोग होता का नाही, तेवढं सांगा."

गिरणी चालू होती, तरी तो हळूच बोलला. "तीन पोरी उजवायच्या होत्या, बाई. कुणी केल्या असत्या तुम्हाला? मी होतो म्हणून तिघी मांडवात उभ्या राहिल्या. उपकार विसरली तू."

"आणि मावशी, तुमची धाकटी बहीण? तीही काविळीनेच गेली, असंच सांगितलं होतं तुम्ही."

यावर मामा उठला आणि गिरणीचा पट्टा बघायला आत गेला. पट्ट्याला काही झालेलं नव्हतं.

नाशिकला परत आल्यावर मी टोळीतल्या त्या बाईवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. धाकटीची मुलगी बरोबर होती. आता ती बावीस वर्षांची, शिकलेली. आईचं, धाकटीचं आणि माझ्या त्या उत्तराचं सगळं सांगून मी सरळच विचारलं, "हा रोग वाढतोय की नाही? आणि कशाने? एकच कारण सांगा."

"वाढतोय," त्या म्हणाल्या. "पण एक कारण नाही मिळणार. लग्नं उशिरा, पहिलं मूल उशिरा, मुलं कमी, पाजणं कमी. अंगमेहनत कमी, वजन जास्त. शिवाय बायका आता जास्त जगतात, आणि वय वाढलं की धोका वाढतो. त्यातून पूर्वी ज्या दाखवायलाच येत नव्हत्या, त्या आता येतात."

"फवारणी?"

"ठामपणे हो म्हणता येईल इतकं मला माहीत नाही."

"म्हणजे खरा किती वाढला आणि नुसता दिसायला किती लागला?"

"ते आपल्याकडे सांगणं अवघड आहे. जुन्या नोंदीच अपुऱ्या आहेत."

हे मला लगेच पटलं. गेल्या साली माल काट्यावर चढवलाच नाही, तर यंदा किती जास्त आला ते कोण सांगणार? माझी आई कोणत्या कागदावर असलीच तर काविळीत असेल. पेठच्या म्हातारीची नणंदही तिथेच. अशा किती जणी कावीळ, गळू, बाहेरची बाधा म्हणून सरणावर गेल्या असतील, आणि आम्ही बाया द्राक्षं निवडत म्हणतो, आधी कुठं होतं!

मी चिडले आहे हे बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ज्यांना हा आजार होतो, त्यांतल्या बहुतेकींच्या घरात आधी कुणालाच नसतो. बहिणीला झाला तो आईकडूनच आला, असं धरून चालू नका. तेव्हा डॉक्टरांना दिलेल्या तुमच्या उत्तरालाही दोष देत बसू नका." मग त्या मुलीकडे वळल्या. "पण आजी आणि आई, दोघींना होता म्हणजे हिला जपायला हवं. आजीला कितव्या वर्षी झाला? एका बाजूला की दोन्ही? मावशीआजीला होता का? हे कळलं तर हिची तपासणी कोणत्या वयापासून सुरू करायची, ते मला ठरवता येईल."

याची उत्तरं माझ्याकडे नाहीत. बाप गेला, आजी गेली. मधली बहीण तेव्हा माझ्याहून लहान होती. उरला फक्त मामा.

तेव्हापासून तो मला टाळतो. फोन मामी उचलते, "ते झोपलेत" म्हणते. मागच्या महिन्यात मुलीला स्थळ आलं, तेव्हा मात्र स्वतः घरी आला. मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, "आता ते जुनं काही उकरू नको. माणसं चांगली आहेत. मोडेल."

मुलगी दारातच उभी होती. म्हणाली, "मोडलं तर मोडू द्या, आबा. माझी आजी किती वर्षांची होती तेवढं सांगा."

मामाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली आणि चहा न घेता निघून गेला.

स्थळाकडच्यांना आम्ही सगळं सांगितलं. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही, येईल तेव्हा येईल. मला त्यांच्या उत्तरापेक्षा दुसरं उत्तर हवं आहे. मामा, आमची लग्नं लावलीत ते तुमचे उपकार, मी नाकारत नाही. पण आईचं वय काय होतं, रोग एकाच बाजूला होता की दोन्ही, आणि मावशी कशाने गेली? ही माहिती तुमच्या मालकीची नाही. डॉक्टरीणबाईंकडे या, या मुलीसमोर बसा आणि तुमच्या तोंडाने सांगा.